सूर्य लहान होता तेव्हा आठवड्याला एक भडका

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो. ९ ते ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांवर असतात, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जातात. कधी ढग आडवे येतात, कधी वाटेत उभी राहिलेली बांधकामं. सूर्याकडून मात्र चूक होत नाही. देऊळ उभारणाऱ्यांनी त्याच्यावर टाकलेला भरवसा इतक्या शतकांनंतरही खरा ठरतो आहे.

प्रकाशाच्या बाबतीतही तो असाच नेमस्त आहे. साधारण ११ वर्षांच्या चक्रात सूर्यावरचे डाग वाढतात आणि कमी होतात, पण त्याच्याकडून येणारी एकूण ऊर्जा हजारात एका भागानेच हलते. घरातला विजेचा दिवासुद्धा इतका स्थिर नसतो.

आता हाच सूर्य क्ष-किरणांत पाहू. त्याच ११ वर्षांत त्याचं क्ष-किरणांतलं तेज दहापट ते शंभरपट खालीवर होतं. एखादी मोठी सौरज्वाला भडकली तर काही मिनिटांतच ते आणखी शंभरपट चढतं आणि तासाभरात उतरू लागतं. आपल्याला यातलं काही जाणवत नाही, कारण पृथ्वीची हवा क्ष-किरण वरच्या वर शोषून घेते. वरच्या त्या हवेला मात्र ते चांगलंच जाणवतं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एक रडार आहे. विमानं शोधणं हे त्याचं काम नाही. डोक्यावर साधारण ६० ते १०० किलोमीटर उंचीवर वाहणारे वारे ते मोजतं. सौरज्वालेचे क्ष-किरण थडकतात ते नेमके या थरांत. तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, हवेचा विद्युत स्वभाव बदलतो आणि लघुलहरींवरचे रेडिओ संदेश मध्येच गिळले जातात. पंधरा कोटी किलोमीटरवर भडका उडतो आणि सव्वाआठ मिनिटांत, दिवस असेल तर, कोल्हापूरच्या आभाळातही त्याची नोंद होते.

या ज्वालांची प्रतवारी इंग्रजी अक्षरांनी करतात. ए, बी, सी, एम आणि एक्स, प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. मे २०२४ मध्ये एकाच डागसमूहातून लागोपाठ एक्स दर्जाच्या ज्वाला निघाल्या, त्यांच्याबरोबर प्लाझ्माचे, म्हणजे तापलेल्या विद्युतभारित वायूचे, प्रचंड लोट सुटले आणि लडाखमधल्या हानले इथून आकाशात तांबूस ध्रुवीय प्रकाश दिसला. बातम्या झाल्या, मोबाइलवर फोटो फिरले. आपण याला सूर्याचं रौद्र रूप म्हटलं. पण या सूर्यानं लहानपणी जे केलं त्याच्यापुढे हे काहीच नाही.

लहानपणी म्हणजे वय दहा-वीस लाख वर्षं असताना. आज तो सुमारे साडेचार अब्ज वर्षांचा आहे. त्याचं बालपण पाहायला तेव्हा कोणी नव्हतं आणि एकाच ताऱ्याला मोठं होताना पाहण्याइतकं आयुष्य कोणाला मिळत नाही. त्यामुळे खगोलशास्त्रज्ञ वेगळी वाट धरतात. एका ताऱ्यावर लाखो वर्षं नजर ठेवता येत नसेल, तर एकाच वयाच्या हजारो ताऱ्यांवर थोडे दिवस नजर ठेवायची. अशी गर्दी आपल्यापासून फार दूर नाही. जानेवारीच्या एखाद्या अंधाऱ्या रात्री पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जा आणि मृग नक्षत्र शोधा. शेतकऱ्याचा मृग जूनमध्ये लागतो, कारण तेव्हा सूर्य त्या भागात असतो. त्यामुळेच त्या दिवसांत हे नक्षत्र रात्री दिसत नाही. ते पाहायचं हिवाळ्यात. ओळीत असलेल्या तीन ताऱ्यांच्या खाली एक धूसर ठिपका लोंबताना दिसेल. साध्या द्विनेत्रीतून तो ढगाच्या पुंजक्यासारखा दिसतो. हा मृगातला तेजोमेघ. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. त्याच्या आत आणि मागे हजारो तारे नुकते जन्मले आहेत, त्यातल्या बहुतेकांचं वय दहा-वीस लाख वर्षं किंवा त्याच्या आसपास. आपल्या सूर्याएवढ्या वस्तुमानाचे तारेही त्यांत आहेत.

साध्या दुर्बिणीला इथे दोन अडचणी येतात. पहिली, धूळ. जन्मस्थळ धुळीनं भरलेलं असतं आणि दृश्य प्रकाश त्यात अडकतो. दुसरी अडचण ओळखीची. एकाच दिशेला जवळचे, दूरचे, म्हातारे, तरुण असे सगळे तारे एकावर एक दिसतात, मग नवजात कोण हे कसं ठरवायचं? क्ष-किरण दोन्ही अडचणी सोडवतात. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण बरीचशी धूळ पार करून येतात. आणि म्हातारे तारे क्ष-किरणांत फार मंद असतात, तर कोवळे तारे सूर्याच्या हजारपट, कधी त्याहूनही जास्त तेजस्वी. त्यामुळे क्ष-किरणांतल्या छायाचित्रात जे ठळक उमटतात, ते बहुतेक तरुणच असतात.

हे काम जमिनीवरून होत नाही. १९७८ साली सोडलेल्या आइन्स्टाइन उपग्रहाने आणि १९९० च्या जर्मन रोसॅट उपग्रहाने कोवळ्या ताऱ्यांचं हे तेज दाखवून दिलं होतं. पण मृगातल्या गर्दीत तारे इतके दाटीवाटीनं आहेत की त्यांना वेगळं करायला तीक्ष्ण नजर लागते. ती नजर २३ जुलै १९९९ रोजी अवकाशात गेली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ही चंद्रा वेधशाळा लांबोळक्या कक्षेत फिरते आणि पृथ्वीपासून चंद्राच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत लांब जाते. जानेवारी २००३ मध्ये तिला जवळजवळ तेरा दिवस मृगातल्या तेजोमेघाकडे रोखून धरलं. पृथ्वीभोवतीच्या प्रारण-पट्ट्यांतून जाताना उपकरणं थांबवावी लागतात, त्यामुळे प्रत्यक्ष निरीक्षण पावणेदहा दिवसांच्या आसपास झालं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे एरिक फाइगेलसन या मोहिमेचे प्रमुख होते. छायाचित्रात सोळाशेहून जास्त क्ष-किरण स्रोत उमटले. त्यातले सुमारे चौदाशे कोवळे तारे होते.

या मोहिमेत नवे तारे सापडले हे आहेच, पण तिचं खरं धन वेगळं आहे असं मला वाटतं. इतके दिवस एकटक पाहिल्यामुळे प्रत्येक टिंबाचा तासातासाचा आलेख हाती आला. सूर्यासारख्या वस्तुमानाच्या २८ ताऱ्यांचे आलेख वेगळे काढून अभ्यासले, तेव्हा एका ताऱ्यामागे सरासरी आठवड्याला एक मोठी ज्वाला निघाली. आणि या ज्वाला आपल्या मे २०२४ च्या ज्वालांच्या शेकडो-हजारो पट मोठ्या. पुढे २०२१ साली फाइगेलसन आणि त्यांचे सहकारी गेटमन यांनी चंद्रा वेधशाळेचा साठलेला माल एकत्र केला. ताऱ्यांची जन्मस्थळं चाळीस, कोवळे तारे चोवीस हजारांहून जास्त, आणि त्यांत हजारांहून जास्त महाज्वाला. सर्वांत मोठ्या ज्वालांची ऊर्जा सूर्याच्या मोठ्यात मोठ्या ज्वालेच्या लाखोपट भरली.

एवढी ऊर्जा येते कुठून? वस्तू लाखो अंश तापली तर तिच्यातून क्ष-किरण निघतात. ताऱ्याचा पृष्ठभाग जेमतेम चार-सहा हजार अंशांचा, तेव्हा तो क्ष-किरण देऊ शकत नाही. ते येतात पृष्ठभागाच्या वरच्या विरळ, अतितप्त किरीटातून. आणि किरीट तापवण्याचं काम चुंबकत्व करतं. ताऱ्याच्या पोटात तापलेला वायू वर येतो, थंड होतो, खाली जातो. हा विद्युतभारित वायू आहे आणि तारा स्वतःभोवती फिरतोही आहे. वर-खाली आणि गरगर या दोन्ही हालचाली एकत्र आल्या की चुंबकीय क्षेत्र तयार होत राहतं. आपला सूर्य विषुववृत्तापाशी सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेतो आणि त्याच्या फक्त बाहेरच्या थरात असं ढवळणं चालतं. कोवळा तारा एक ते दहा दिवसांत फेरी पुरी करतो आणि बहुधा गाभ्यापर्यंत, निदान मोठ्या भागात, ढवळत असतो. त्यामुळे त्याचं चुंबकत्व कितीतरी जोरकस असतं. त्यालाही मर्यादा आहे. ताऱ्याच्या एकूण तेजाच्या साधारण हजाराव्या भागापर्यंत क्ष-किरणांचं तेज चढतं, त्याच्या पुढे सहसा जात नाही. ही मर्यादा का पडते यावर अनेक मतं आहेत, त्यांत इथे शिरत नाही.

चुंबकीय बलरेषा पृष्ठभागातून कमानीसारख्या बाहेर येतात आणि पुन्हा आत शिरतात. पायथ्याचा वायू हलत असल्यामुळे कमानींना पीळ पडत राहतो. ताण असह्य झाला की विरुद्ध दिशेच्या रेषा एकमेकींना छेदून नव्यानं जुळतात आणि साठलेली चुंबकीय ऊर्जा क्षणात मोकळी होते. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन प्रचंड वेगानं फेकले जातात. काही खाली येऊन पृष्ठभागाजवळच्या दाट वायूवर आदळतात. तो वायू भाजून निघतो, फुगतो आणि कमानीत वर चढतो. कमान कोट्यवधी अंशांच्या प्लाझ्मानं भरते आणि क्ष-किरणांत झळकते. नंतर ती हळूहळू निवते. म्हणून ज्वालेचा आलेख बहुतेक वेळा एकाच आकाराचा असतो: चढ उभा, उतार लांब.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हा उतार आहे. १,३५० प्रकाशवर्षांवरचा तारा कोणत्याही क्ष-किरण दुर्बिणीला एक टिंबच दिसतो. त्या टिंबावरची कमान दिसण्याचा प्रश्नच नाही. तरीही तिची लांबी काढता येते, फक्त टिंब किती वेळात मंदावलं ते मोजून. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर पाहिलेली गोष्ट आठवा. पळीभर काकवी बघता बघता निवते, काहीलभर रस तासन् तास गरम राहतो. निवायला किती वेळ लागला हे कळलं आणि सुरुवातीला ताप किती होता हे कळलं, तर गुऱ्हाळात न जाताही भांडं केवढं होतं याचा अंदाज बांधता येतो. ताप कळतो क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून, कारण तप्त प्लाझ्मातून जास्त ऊर्जेचे किरण निघतात. वेळ कळतो आलेखावरून.

आकडे घालून पाहू. सूर्यावर शोभेल अशी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक लाख किलोमीटर लांबीची कमान घ्या, तापमान दोन कोटी अंश. प्रचलित सूत्रानुसार ती पंधराएक मिनिटांत निवू लागते. आता लांबी एक कोटी किलोमीटर करा आणि तापमान दहा कोटी अंश. निवायला दहा तासांहून जास्त वेळ लागतो. मृगातल्या मोहिमेत दहा-दहा, वीस-वीस तास रेंगाळणाऱ्या ज्वाला खरोखर मिळाल्या, आणि त्यांचं तापमान दहा कोटी अंशांच्या पुढे गेलेलं होतं. २००५ साली ३२ मोठ्या ज्वालांचा असा हिशेब मांडला गेला. काही कमानी ताऱ्याच्या त्रिज्येच्या कितीतरी पट निघाल्या, सर्वांत लांब साधारण एक कोटी किलोमीटरच्या घरातल्या. सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर. असे सात सूर्य ओळीत मांडले तर जेवढं अंतर होईल तेवढी ती कमान.

पण एक खोच आहे. काहीलीखाली चुलवाणात कोणी चिपाडं घालतच राहिलं तर रस निवतच नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, भांडं भलतंच मोठं असणार. ज्वालेतही असंच होऊ शकतं. भडका उडून गेल्यावरही चुंबकीय ऊर्जा थोडी थोडी सुटत राहिली, तर उतार लांबतो आणि कमानीची लांबी फुगवून निघते. म्हणून अभ्यासक तेजाचा उतार आणि तापमानाचा उतार शेजारी शेजारी ठेवतात. जाळ चालू असेल तर या दोघांची चाल वेगळी पडते आणि त्यावरून लांबी दुरुस्त करता येते. वर दिलेले एक कोटी किलोमीटर ही दुरुस्ती केल्यानंतरचे आहेत. ही पद्धत आधी सूर्यावर पारखून घेतलेली आहे, कारण तिथे कमान डोळ्यांसमोर दिसते आणि हिशेब बरोबर आला की नाही ते लगेच कळतं.

इतक्या लांब कमानींची दुसरी टोकं कुठे रोवलेली असतात? कोवळ्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते. तिच्यातूनच पुढे ग्रह होतात. तबकडीची आतली कड ताऱ्यापासून साधारण एवढ्याच अंतरावर असते. तेव्हा एक मोहक कल्पना पुढे आली, की कमानीचं एक टोक ताऱ्यात आणि दुसरं तबकडीत असेल, दोघांच्या फिरण्याच्या वेगात फरक पडला की कमान पिळली जाते आणि भडकते. कल्पना इतकी नेटकी होती की ती खरी असावी असं कोणालाही वाटेल. मग २००८ मध्ये १६१ ताऱ्यांच्या २१६ ज्वालांचा मोठा अभ्यास झाला. लांब कमानी तबकडी गमावून बसलेल्या ताऱ्यांवरही सापडल्या. तबकडी असलेल्या ताऱ्यांवर त्या आतल्या कडेपाशी रोखल्यासारख्या दिसल्या. म्हणजे मोठ्या कमानीसाठी तबकडीची गरज नाही. तबकडी असलीच तर बहुधा कमानीला आवर घालते.

आता थोडं शंकेखोर होऊ. क्ष-किरण दुर्बीण प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, एकेक करून मोजते. लांबच्या ताऱ्याकडून ते फार थोडे येतात. समजा एका शांत ताऱ्याकडून तासाला सरासरी चार फोटॉन येतात. एखाद्या तासात आठ आले. ज्वाला म्हणायची का? गणित सांगतं, काहीही न घडता निव्वळ योगायोगानं आठ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात पाच आहे. निरीक्षण सुमारे २३० तासांचं. तेव्हा तारा ठार शांत असला तरी अकरा-बारा तासांत हा दुपटीचा आकडा दिसणारच. मग कसोटी कडक करू, सोळा फोटॉन आले तरच ज्वाला. योगायोगानं सोळा किंवा जास्त येण्याची शक्यता दोन लाखांत एक. एका ताऱ्यासाठी ही कसोटी पुरेशी आहे. पण तारे चौदाशे आहेत. चौदाशे गुणिले २३० म्हणजे सव्वातीन लाख तासांचे आकडे, आणि त्यात एक-दोन खोट्या ज्वाला निघण्याची पाळी येतेच. लॉटरीचं एक तिकीट लागत नाही, पण सव्वातीन लाख तिकिटं घेतली तर कुठलं तरी लागतं. यासाठी सुटा आकडा न पाहता आलेख कुठे पातळी बदलतो आणि ती बदललेली पातळी किती वेळ टिकते, हे तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धती वापरतात. ज्वाला ओळखण्याचं निम्मं काम हे आहे, आणि बातम्यांत त्याबद्दल अवाक्षर येत नाही.

तेज बदललं की ज्वालाच, असंही नाही. ताऱ्याच्या एका बाजूला चुंबकीय वस्ती दाट असली तर तो फिरेल तसं क्ष-किरणांचं तेज फेरीच्या लयीत कमी-जास्त होतं. मृगातल्या काही ताऱ्यांत ही लय सापडली. वृषभ राशीतल्या एए टॉरी या ताऱ्याच्या तबकडीची आतली कड वाकडी आहे. ती दर ८.२ दिवसांनी आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये येते आणि तेव्हा क्ष-किरणही जास्त शोषले जातात. टीडब्ल्यू हायड्री हा सुमारे १९६ प्रकाशवर्षांवरचा तारा तर आपल्या तबकडीतला वायू अजून गिळतो आहे. चुंबकीय रेषांवरून घसरत तो वायू ताऱ्यावर आपटतो, त्या धक्क्यानं तीसेक लाख अंशांपर्यंत तापतो आणि मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण देतो. ही ज्वाला नव्हे, पडझडीची ऊब आहे.

जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीमध्ये जे मॅकनील या हौशी निरीक्षकाला आपल्या तीन इंची दुर्बिणीनं घेतलेल्या छायाचित्रात मृगात एक नवाच तेजोमेघ दिसला. तो उजळवला होता व्ही १६४७ ओरायनिस या कोवळ्या ताऱ्यानं, ज्याच्यावर तबकडीतून अचानक भरपूर माल कोसळला होता. चंद्रा वेधशाळेनं लगेच तिकडे पाहिलं, तर क्ष-किरणांचं तेजही कितीतरी पटींनी वाढलेलं. तीन इंची दुर्बीण कोल्हापुरातही अनेकांकडे आहे, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

डीक्यू टॉरी ही जोडी मला विशेष आवडते. दोन कोवळे तारे लांबट कक्षेत एकमेकांभोवती १५.८ दिवसांत फिरतात. प्रत्येक फेरीत ते अगदी जवळ येतात, तेव्हा त्यांची चुंबकीय आवरणं एकमेकांवर घासतात आणि मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींत भडके दिसतात. क्ष-किरणांतही त्याच सुमाराला ज्वाला पकडली गेली आहे. इतर ताऱ्यांची ज्वाला कधी येईल सांगता येत नाही, इथे मात्र पंचांगात मांडता येईल अशी तारीख काढून दुर्बीण लावता येते. याउलट नशिबाची साथ मृगातल्या त्या जानेवारी २००३ च्या मोहिमेला मिळाली. २० तारखेला कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुर्बिणींना तेजोमेघात जीएमआर-ए नावाचा तारा मिलिमीटर लहरींत एकाएकी झळाळताना दिसला. चंद्रा तेव्हा तिकडेच पाहत होती आणि तिच्या नोंदीत तो तारा दोनेक दिवस आधीपासूनच क्ष-किरणांत चढलेला होता.

या भडक्यांचा ग्रहांवर काय परिणाम झाला असेल? आपण थेट या प्रश्नाची संतती आहोत. क्ष-किरण तबकडीच्या वरच्या थरांतले अणू आयनित करतात, म्हणजे त्यांचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. आयनित वायू चुंबकीय क्षेत्राला जखडला जातो, त्यामुळे तबकडीत खळबळ माजते आणि वायू ताऱ्याकडे सरकण्याचा वेग ठरतो. फाइगेलसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला एक विचार असा, की शांत तबकडीत पृथ्वीसारखा बाळग्रह ओढला जाऊन ताऱ्यात पडण्याची भीती असते, खळबळ असेल तर तो वाचू शकतो. हा विचार आहे, सिद्धता नाही. ज्वालांमुळे तबकडीच्या रसायनात बदल होतात याचा थेट धागा मात्र मिळाला आहे. आयएम लुपी या ताऱ्याच्या तबकडीत आयनित रेणूंकडून येणारा संकेत चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी वेगवेगळ्या वेळी मोजला आणि एकदा तो ठळकपणे वाढलेला आढळला. मधल्या काळात क्ष-किरणांची ज्वाला येऊन गेली असावी, हा त्याचा सर्वांत सरळ अर्थ. त्याच वेळी क्ष-किरण तबकडीचा वरचा वायू तापवून उडवूनही लावतात. काही दशलक्ष वर्षांत तबकड्या संपतात त्यात त्यांचाही हात आहे. गुरूसारख्या वायुग्रहाला जे काही गोळा करायचं ते त्याआधीच करावं लागतं.

आपल्या स्वतःच्या सूर्याबद्दलचा पुरावा दगडात आहे. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत आयेंदे नावाची उल्का पडली. तिच्यातले पांढरट कण हे सूर्यमालेतल्या सर्वांत जुन्या घन पदार्थांपैकी आहेत, वय ४.५६७ अब्ज वर्षं. २००० साली त्यांत बेरिलियम-१० असल्याच्या खुणा सापडल्या. हा किरणोत्सारी अणू चौदाएक लाख वर्षांत निम्मा होतो, म्हणून आज त्यातलं काही उरलेलं नाही. उरलं आहे ते त्यापासून झालेलं बोरॉन-१०, नेमकं जिथे बेरिलियम जास्त होतं तिथे जास्त. मुद्दा असा की बेरिलियम-१० ताऱ्यांच्या भट्टीत तयार होत नाही. वेगवान कण ऑक्सिजनसारख्या अणूंवर आदळून त्यांचे तुकडे करतात तेव्हा ते बनतं. सूर्याच्या ज्वालांनी फेकलेले प्रोटॉन हा त्याचा एक प्रमुख संशयित आहे. काहीजण म्हणतात, त्यातला काही हिस्सा सूर्यमाला ज्या मेघातून बनली त्यातच आधीपासून असावा. वाटणीवर वाद आहे. पण मृगातल्या सूर्यांच्या आठवड्याच्या ज्वाला पाहिल्यावर आपल्या सूर्याला त्यातून सुटका मिळणं कठीण दिसतं.

हा विषय वर्गात निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, मग आपला सूर्य परत असा भडकेल का?" नाही. त्याचं चुंबकत्व फिरण्याच्या वेगावर पोसलेलं होतं आणि सौरवाऱ्याबरोबर तो वेग अब्जावधी वर्षं झिजत आला आहे. तो पुन्हा वाढणार नाही. मात्र मे २०२४ हीच आजच्या सूर्याची कमाल, असंही समजू नये. २०१२ साली जपानी संशोधकांनी सुगी, म्हणजे जपानी सीडार, या झाडाच्या खोडातली वर्तुळं तपासली, तेव्हा इ. स. ७७४-७७५ च्या वर्तुळात कार्बन-१४, म्हणजे वेगवान कणांच्या माऱ्यानं हवेत तयार होणारा किरणोत्सारी कार्बन, एकदम वाढलेला आढळला. नंतर जगभरच्या झाडांत तीच खूण मिळाली. सूर्याकडून आलेल्या कणांचा फार मोठा मारा हेच त्याचं आज मान्य असलेलं कारण आहे. तेव्हा वीजवाहिन्या नव्हत्या, उपग्रह नव्हते, म्हणून कोणाचं काही बिघडलं नाही. आता भारताचं आदित्य एल-१ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्याकडे पाहत आहे आणि त्यावरची दोन क्ष-किरण उपकरणं प्रत्येक ज्वालेचा तोच उभा चढ आणि लांब उतार नोंदवत असतात.

त्याच्या मागोमाग हुशार मुलं उलटा प्रश्न विचारतात: हे भडके सुरू कधी होतात? जन्मल्या जन्मल्या? डिसेंबर २०१७ मध्ये चंद्रा वेधशाळेनं मृगातच, सुमारे १,४०० प्रकाशवर्षांवर, एचओपीएस ३८३ नावाचा अर्भक तारा पाहिला. तो अजून आपल्या जन्ममेघाच्या जाड वेष्टनात गुंडाळलेला आहे, ताऱ्याच्या घडणीतल्या अगदी पहिल्या टप्प्यावर. त्याच्याकडून तीन तास वीस मिनिटांची एक ज्वाला आली. बाकीच्या वेळात तो क्ष-किरणांत दिसलाच नाही. हाती लागलेले फोटॉन अगदी मोजके, पण त्यांत भोवतालच्या थंड लोखंडानं परत टाकलेले किरणही ओळखता आले. या टप्प्यावर तारा भडकू शकतो एवढं त्यातून ठरलं. किती वेळा भडकतो, हे एका ज्वालेवरून काढता येत नाही. त्यासाठी अशाच अर्भकांकडे, मृगाकडे पाहिलं तसं, पुन्हा कितीतरी दिवस एकटक पाहावं लागेल.